पान काही केल्या उलटेना

एक होता राजा. होता आपला भला, पण भारी संशयी. दूध आलं की आधी मांजराला पाजायचा. मांजर मिटक्या मारायचं, तर म्हणायचा, "हे मांजरसुद्धा फितूर नसेल कशावरून?" मग राहिलेलं दूधही तसंच. चंगळ कुणाची? मांजराची, बरं का!

ए, कोण काय चघळतंय तिकडं? बडीशेपेचा वास येतोय मला. बरं, ऐका.

राजाला एक मुलगी होती, चिमा. राणी देवाघरी गेलेली, म्हणून चिमाला सांभाळायची यमूदाई. या यमूदाईनंच राजालाही लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. चिमाला तर तिच्या कुशीशिवाय झोप यायची नाही. तुमच्यासारखीच.

एकदा काय झालं, दारावर बोहारीण आली. यमूदाईनं तिला जुनं लुगडं दिलं आणि म्हणाली, "भांडं नको गं बाई. आमची पोर नुकती वाचायला शिकलीय, तिला काहीतरी दे." बोहारणीनं टोपलीच्या तळातून एक पुस्तक काढलं. चिमानं उघडून बघितलं. त्यात ना राजा, ना राक्षस, ना परी. सगळं खरं खरं. चिमाचं तोंड एवढंसं झालं.

पहिल्या पानावर होता बेडूक. लिहिलं होतं, बेडकाच्या पिल्लाला शेपटी असते. चिमानं अक्षरं लावून लावून वाचलं आणि पान उलटायला गेली, तर पान उलटेचना! आतून आवाज आला, "वाचलंस. पाहिलंस का?"

हसता काय? पुस्तक बोलतं का कुठं, असंच ना? मलाही लहानपणी ही गोष्ट ऐकताना संशय आला होता. पण माझ्या आजीपुढं बोलायची टाप होती का कुणाची!

मग चिमा बागेतल्या हौदाशी गेली. पालथी पडून किती वेळ बघत राहिली. पाण्यात इवली इवली काळी पिल्लं, आणि प्रत्येकाला शेपटी. धावत आली, पुस्तकाला म्हणाली, "पाहिलं!" पान आपलं आपण उलटलं.

दुसऱ्या पानावर मुंगी. मुंग्या म्हणे वासाच्या वाटेनं चालतात. मग चिमानं स्वयंपाकघरात जाऊन मुंग्यांच्या रांगेवरून ओलं बोट फिरवलं. मुंग्या बावरल्या, वाट शोधत गोल गोल फिरायला लागल्या. "पाहिलं!" पान उलटलं.

तिसऱ्या पानावर घुबड. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस त्याला पचत नाहीत, मग त्यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. आता घुबड कुठं बघायचं? पान काही केल्या उलटेना.

इकडं राजाच्या सज्ज्यात रोज सकाळी काळे काळे गोळे पडायला लागले. केसांचे, आणि मधूनच हाड डोकावणारे. राजाची पाचावर धारण बसली. "करणी! कुणीतरी माझ्यावर करणी करतंय!"

आधी संशय आला आचाऱ्यावर. पण आचारी तर लेकीच्या गावाला गेलेला. मग प्रधानावर. प्रधान तो गोळा बघून असा काही किंचाळला, की राजानं त्याचं नाव सोडलं. मग राजाची नजर वळली यमूदाईवर. सज्जा झाडायला रोज तीच यायची. बोहारणीशी बोलतानाही तीच दिसली होती. राजा ओरडला, "हीच ती! दिवस मावळायच्या आत हिला दूर रानात नेऊन सोडा!"

यमूदाईनं डोळ्यांना पदर लावला. शिपाई तिचा हात धरणार, तोच चिमा आडवी आली. "बाबा, थांबा! आधी तो गोळा फोडून बघू."

सगळे मागे सरकले. करणीच्या वस्तूला हात कोण लावणार? चिमालाही भीती वाटत होती. पण यमूदाई जाणार म्हटल्यावर भिऊन कसं चालेल? तिनं काडी घेतली आणि गोळा उकलला. आतून निघाली इवलीशी कवटी, पुढं दोन पिवळे दात.

"बाबा, हा उंदीर आहे. घुबडानं गिळलेला."

"हाडं हिनंच गोळा केली नसतील कशावरून?" राजा म्हणाला. संशयाला औषध नसतं, बाळांनो.

मग चिमानं वर बघितलं. भिंतीवर पांढरे ओघळ होते, आणि वर, छपराखालच्या खबदाडीत, पांढऱ्या तोंडाचं घुबड डोळे मिटून बसलं होतं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. घुबडानं मान लांब केली, आ केला, आणि टप्प! गोळा थेट राजाच्या पायाशी.

राजा खाली वाकला. डोक्यावरचा मुकुट घरंगळत गेला, तरी त्याला भान नाही. त्यानं आपल्या हातानं गोळा फोडला. तसेच केस, तशीच हाडं, तसेच दोन पिवळे दात.

तेवढ्यात चिमाच्या काखेतलं पुस्तक म्हणालं, "पाहिलंस का?"

"पाहिलं," राजा हळूच म्हणाला. फडफड करत पान उलटलं.

तेव्हा कुठं यमूदाई बोलली. "महाराज, या हातांनी तुम्हाला घास भरवले. आज घुबडाकडं बघितलंत. माझ्याकडंही एकदा बघायचं होतं."

राजाला रडूच फुटलं. सगळ्यांदेखत त्यानं यमूदाईचे पाय धरले. चिमा तिच्या कमरेला मिठी मारून उभी, ती सोडायलाच तयार नाही.

संध्याकाळी यमूदाईनं दूध आणलं. मांजर शेपटी वर करून धावत आलं. पण राजानं यमूदाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि पेला सरळ ओठांना लावला. मांजर तेवढं रुसून बसलं. बाकी सगळे सुखात राहिले.

आता राहिली माझी बडीशेप. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. ज्यानं खाल्ली असेल त्यानं मुकाट्यानं चूळ भरून यावं.

अगंबाई, तिघंही उठलात?

या, आणि गुमान झोपा.