पोवळाबायचा बांध

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीच्या मुखाशी आंबेखार नावाचं गाव आहे, ते तेव्हाही होतं. गावाची भातशेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मध्ये फक्त मातीचा एक बांध. मोठं उधाण आलं की हा बांध दर वर्षी एकाच जागी फुटायचा. खारं पाणी आत शिरायचं आणि उभं भात जळून जायचं.

एका वर्षी ती फूट बुजवताना पोवळाबायचा नवरा पाण्यात ओढला गेला, तो पुन्हा दिसला नाही. तेव्हा गोमा पाटलांनी गावाला देवळापाशी बोलावलं.

"खाडीआई रुसलीय आपल्यावर," ते म्हणाले. "नारळ देऊन झाले, नवस करून झाले. होळी झाली की गाव उठवायचं."

लोकांनी माना खाली घातल्या. पोवळाबाय तेवढी उठली. "पाटीलबाबा, वाडवडलांना तिनंच इथं ठेवून घेतलं ना? मग ती आपल्याला हाकलायची नाही. काहीतरी सांगत असंल ती. आपल्यालाच कळत नाही."

"मग विचार तिला," पाटील म्हणाले. "होळीपर्यंत थांबतो."

पोवळाबाय बांधावर जाऊन बसली. तिनं पहिल्यांदा विचारलं ते नवऱ्याबद्दल. का नेलंस त्याला? खाडी बोलली नाही. पोवळाबाय रडली, खाडीवर चिडली, पण उठून गेली नाही. आई आहे, आज ना उद्या बोलेल, हे तिनं मनाशी धरलं होतं. आणि बोलेल ते निसटू नये म्हणून ती नीट पाहू लागली. पाणी कुठून वळतं, कुठे धडकतं, कुठे गाळ टाकून जातं. असं म्हणतात, की ती इतकी स्थिर बसायची की खेकडे तिच्या पायांवरून जायचे आणि बगळे तिच्या खांद्यावर बसून मासा हेरायचे.

होळीच्या तोंडावर ती पाटलांकडे आली.

"आपण तिची वाट अडवलीय, बाबा. फुटतो तो बांध सरळ पाण्याच्या तोंडावर उभा आहे. तो मागं घेऊन कोयत्यासारखा वळवायचा, आणि पुढं खारफुटीची तिवरं लावायची. जिथं तिवराची झाडं आहेत तिथं ती हलकेच येते, गाळ ठेवून जाते. आपण सरपणाला तोडली, तिथंच फुटतं."

पाटलांनी विचारलं, "बांध मागं घेतला तर कुणाचं शेत बाहेर पडेल, ठाऊक आहे?"

"माझंच."

"मग खाशील काय?"

"तिच्यावर भरवसा ठेवून इथवर आले. आता शेतापाशी येऊन थांबू काय?"

गाव कामाला लागलं. पोवळाबायनं स्वतःच्या शेतात स्वतःच्या हातानं तिवरं लावली. असं म्हणतात, की ती झाडं एका पावसात माणसाएवढी झाली.

मग श्रावणातलं उधाण आलं. माणसं गुरं घेऊन टेकडीवर गेली, पोवळाबाय बांधावर उभी राहिली. लाट ताडाएवढी उठली. कुणी म्हणतं, तिवरांनी हातात हात धरून तिला थोपवलं. कुणी म्हणतं, ती पोवळाबायच्या पावलांना शिवली आणि आल्या वाटेनं निघून गेली. सकाळी आतली भातं हिरवीगार उभी होती.

पुढे पाटलांनी आपल्या शेतातला वाटा तिला दिला. लांबलांबच्या खाड्यांवरचे लोक फुटलेल्या बांधाचं गाऱ्हाणं घेऊन तिच्याकडे येत. ती त्यांना आधी पाण्याशेजारी बसवून ठेवी.

आजही आंबेखारला बांधाची डागडुजी काढण्याआधी सगळं गाव एक अख्खी भरती आणि एक ओहोटी गप्प बसून पाहतं. मग त्या वर्षी गावात आलेल्या नव्या सुनेला विचारतात, "बाय, काय पाहिलंस?" ती काहीही सांगो, कुणी हसत नाही. ती बोट दाखवेल त्या जागी पोवळाबायच्या नावानं मातीची पहिली पाटी पडते.