कान धरून घ्यायचा लेप

घोणसवाडीच्या देवळात येणारा पाहुणा पायरीशेजारच्या कोरीव दगडापुढे हमखास थांबतो. दगडावर एक म्हातारी एका पायावर उभी आहे आणि तिच्यापुढे एक मिशाळ पुरुष स्वतःचा कान धरून उताणा पडला आहे. कुणी म्हणतं बाई तपाला उभी आहे, कुणी म्हणतं तिनं राक्षस लोळवला आहे. मागच्या वर्षी एका बाईंनी तर त्या राक्षसाला शिव्या घालून म्हातारीला हळदकुंकू वाहिलं. देवळाचे गुरव दत्तोबा हे सारं ऐकून घेतात, पाहुण्यांना पायरीवर बसवतात आणि मग सांगतात की तो राक्षस नव्हे, तो गावचा पाटील आहे.

फार जुनी गोष्ट. म्हातारीचं नाव भिवरा. अख्खा गाव तिला काकू म्हणायचा. सासूनं मरताना तिला सोनंनाणं दिलं नाही, मोहरीची विद्या दिली. सर्दीनं नाक चोंदलं की काकू मोहरी घातलेल्या कढत पाण्यात पाय सोडायला लावायची. सांधा आखडला तर मोहरीच्या तेलानं चोळायची. पोराला नजर लागली तर मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. आणि कंबर धरली, छाती भरली, तर फेसलेल्या मोहरीत कणीक कालवून, फडक्यात घालून लेप द्यायची. काकूच्या हाताला यश होतं. या लेपाची मात्र एक खोड असते. कातडी लाल झाली की तो काढावा लागतो. वेळेवर काढला तर औषध, राहिला तर डाग.

काकूलाही एक खोड होती. ती बोलायची. सकाळी एकदा तोंड उघडलं की झोपेतच मिटायचं, असं सांगतात.

एकदा रंगोजी पाटलांची कंबर धरली. काकूनं त्यांना पालथं घातलं, लेप लावला आणि सहज म्हणून तडवळ्याच्या लग्नाची हकिकत काढली. त्या लग्नात वरमाई मानपानावरून रुसली आणि धान्याच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसली. बसली ती बसली, पण अंगानं भरलेली, तिला बाहेर निघता येईना. इथवर सांगून काकू लेप काढायला उठली होती म्हणे. पण पाटलांनी तिचा पदर धरला.

"लेप राहू द्या वो काकू. कणगीतनं काढली कशी, ते सांगा आदी."

काकूला तेवढंच हवं होतं. ती पुन्हा बसली. कणगी केवढी, वरमाई केवढी, खेचायला कोण कोण लागलं, असं साग्रसंगीत सुरू झालं. वरमाई बाहेर निघायच्या आतच पाटील बोंब ठोकून उठले. पाठीवर पावट्याएवढे फोड.

महिनाभर पाटील पालथे झोपले. मग पंच बसले. पाटील म्हणाले, बाई बोलण्यात गुंगली आणि मला भाजून काढलं. एवढंच म्हणाले. कणगीचं नाव नाही, पदराचं नाव नाही. गावच्या पाटलानं बायकांसारख्या चुगल्या ऐकत पडावं, हे चारचौघांत कसं सांगणार? काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता सांगतील, मग सांगतील. ते काही बोलले नाहीत आणि काकूही आयुष्यात पहिल्यांदा बोलली नाही. पंचांनी ठरवलं, यापुढे भिवरेनं कुणाला औषध द्यायचं नाही. लोकांनी राईचा पर्वत केला. भिवरा माणसं जाळते, इथवर बोललं जाऊ लागलं.

काकूला फार लागलं. फोड पाटलांच्या पाठीवर उठले होते, पण सासूच्या विद्येवर कमावलेलं नाव हिचं गेलं होतं. ती दारात बसून राही, आणि खोकणारी पोरं तिच्या समोरून शेजारगावच्या वैदूकडे जात.

पौषात पाटलांची छाती भरली. वैदूची चाटणं झाली, काढे झाले, श्वास काही सुटेना. तेव्हा पाटलीणबाई आवडाबाई काकूच्या दारात आल्या आणि त्यांनी पदर पसरला. काकू म्हणाली, "देते लेप. पर देवळाम्होरं, समद्या गावादेखत. लेप हाय तवर मी येका पायावर हुबी ऱ्हाईन नि येक सबुद बोलनार न्हाई. बोलले तर गावाभाईर काढा."

पाटलांना बाजेवर घालून आणलं. काकूनं देवीला हात जोडले, छातीवर लेप ठेवला आणि खांबाला एक हात टेकून डावा पाय उचलला. गाव लोटला होता. तिनं बोलावं म्हणून शिंप्याच्या सगुणेनं मुद्दाम शेजारणीला सांगितलं की खालच्या आळीतली सून माहेरी पळाली, तेही दिराच्या घोड्यावरून. काकूचे ओठ थरथरले, डोळे पाणावले, पण तोंड उघडलं नाही. लोक म्हणतात, खरं तप ते तेवढंच.

कातडी लाल झालेली दिसताच तिनं वाकून लेप उचलला. पाटलांना ढास लागली, कफ सुटला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा छातीभर श्वास आत गेला. लोक खूश झाले. "काकू, पाय टेका आता," सगळे म्हणू लागले.

काकूनं पाय टेकला नाही. ती नुसती पाटलांकडे बघत राहिली. सत्तरीची म्हातारी, पोटरी लटलट कापू लागली. आवडाबाई विनवू लागल्या. लोकांना काही कळेना. पाटलांना मात्र सगळं कळत होतं. त्यांनी डोळे मिटून पाहिले, कूस बदलून पाहिली, खोटं खोकूनही पाहिलं. डोळे उघडले की समोर तोच पाय.

शेवटी त्यांनी हात वर नेऊन स्वतःचा कान धरला.

"काकू लेप काडायला उठली व्हती," ते गावाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "मीच पदर धरून बशिवली. वरमाई कणगीतनं निगाली कशी, ते मला ऐकायचं व्हतं. चूक माजी. पंचांत गप बसलो, ती त्याहून मोटी."

काकूनं पाय टेकला. डोळे पुसले आणि पहिला शब्द काढला, "कणगी आडवी पाडली नि लोळवत काडली."

गाव हसून हसून बेजार झाला, आणि दुसऱ्या दिवशी काकूच्या दारात निम्मी आळी पाय शेकायला बसली होती म्हणे.

आजही घोणसवाडीत मोहरीचा लेप द्यायचा तर लावणारी एका पायावर उभी राहते आणि घेणारा आपला कान धरून पडतो. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई याला आधी हसल्या होत्या, पण गेल्या कित्येक वर्षांत या गावातून भाजलेली पाठ त्यांच्याकडे गेलेली नाही. बाकीच्या घरांत एक कान पुरतो. पाटलांच्या घरात मात्र, कुणी न सांगता, दोन्ही धरतात.