धुक्यातला भोंगा

हे कुणाला सांगू नकोस, असं माझ्या चुलतभावाने, कौस्तुभदादाने, मला बजावलं होतं. तरी लिहिते आहे.

“नदी चढत असताना पुस्तकाची पानं कोण उलटत बसणार, माई?” तो विचारत होता.

माई नुसत्या हसल्या. पूर्वी त्या शहरात प्रोग्रॅम लिहीत, आता टेकडीवरच्या मठात राहतात. नदी चढली की खालच्या गावांसाठी भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम त्यांचाच. तो आता कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि दादाला तो हवा होता. फार हवा होता.

वर इंटरनेट नाही. धुकं मात्र खिडकीतून आत येतं आणि कीबोर्डवर बसून राहतं.

दादाने प्रोग्रॅमिंगची सगळी माहितीपुस्तकं पेनड्राइव्हवर भरून आणली होती. शिवाय एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. शब्द टाइप केला की नेमकं पान समोर.

“बघा! पापणी लवायच्या आत.”

“छान. मग भोंगा दहा सेकंद वाजव. चाचणी आहे म्हणून गावांना कळवलंय.”

त्याने शब्द टाकला. पान उघडलं. ते बघून त्याने एक ओळ लिहिली आणि कळ दाबली.

टक्.

एवढंच. धुक्यात कुणी चुटकी वाजवावी तसं.

“यापेक्षा बेडूक बरा ओरडतो,” माई म्हणाल्या.

दादाचे कान लाल झाले. पुन्हा तेच पान, पुन्हा तीच ओळ.

टक्.

“पण इथे स्पष्ट लिहिलंय! दहा म्हणजे दहा सेकंद!”

“कुठे?”

“सगळ्यात नव्या आवृत्तीच्या पुस्तकात.”

माईंनी त्याचा हात धरला आणि जुन्या संगणकाच्या कोमट पाठीवर ठेवला...

आत पंखा घुरघुरत होता, झोपलेल्या मांजरासारखा.

मग दादाने हळूच त्या संगणकालाच विचारलं, तुझ्यातल्या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती कोणती? फार जुनी निघाली. त्याने पेनड्राइव्हवरचं तिचं पुस्तक उघडलं. तिच्या लेखी दहा म्हणजे सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग.

त्याने आकडा बदलला. भोंगा लांबच लांब वाजला. खाली, न दिसणाऱ्या गावांत, कुत्री भुंकू लागली.

“माझं उत्तर चुकलं,” दादा पुटपुटला. “आता प्रोग्रॅम मला नाही ना मिळणार?”

माईंनी भोंग्याच्या खोलीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

“उत्तर बरोबर होतं रे, बाळा... घर चुकलं.”

मला वाटतं, माईंना म्हणायचं होतं की कुठलंही उत्तर आधी कुणासाठी लिहिलंय ते... आले गं आई, एवढं वाक्य संपवते आणि—