केरबाच्या दातांच्या तारा

ही हकीकत मी गेल्या मार्गशीर्षात, एका बाजाराच्या दिवशी सकाळी, तालुक्याच्या गावातील एका दातांच्या दवाखान्याच्या बाकावर ऐकली. सांगणाऱ्या गोजराबाई या केरबाच्या सख्ख्या आत्या. त्या स्वतःच्या कवळीचे माप देण्यासाठी आल्या होत्या. दात नसल्यामुळे काही शब्द नीट कळले नाहीत. तेवढे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. गावाचे नाव त्यांनी सांगितले, आणि ते कुठे लिहू नये असेही सांगितले.

तर, नाव नसलेल्या त्या गावात केरबा नावाचा एक भोळा तरुण होता. दूध संस्थेत कॅन धुण्याचे काम करी. कॅन आतून धू म्हटले की आतून धुई. बाहेरून धुवायला पुन्हा सांगावे लागे. आईबापांच्या माघारी या आत्तींनीच, म्हणजे गोजराबाईंनीच, त्याला वाढवले होते.

शेजारच्या गावच्या तुळसा पोवारने त्याला पसंत केले. तिच्या वडिलांनी मात्र केले नव्हते. ते आत्तींना स्पष्ट म्हणाले, "भोळा जावई चालंल. पण साखरपुड्यात माझ्या भावकीसमोर हसं झालं, तर तिथंच सुपारी परत."

केरबाचे वरचे दात पुढे होते. साखरपुड्याला अजून वर्ष होते, म्हणून आत्तींनी त्याला तारा बसवून घेतल्या. तालुक्याच्या त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले, "कडक काही तोंडात असेल तर तसंच चावायचं नाही. आधी बारीक तुकडे करायचे."

"ध्यानात ठेवतो, म्याडम," केरबा म्हणाला. आणि त्याने ध्यानात ठेवले.

पुढच्याच आठवड्यात तारेचे टोक गालाला टोचू लागले. केरबाने जिभेने चाचपले. कडक होते. आत्ती सुपारी कातरायला बसल्या, तर अडकित्ता जागेवर नाही. केरबा आरशासमोर उभा, आणि अडकित्ता त्याच्या तोंडात.

"अरं मुडद्या, काय करतोयस?"

"बारीक तुकडं."

आत्तींनी अडकित्ता हिसकावला आणि त्याला दवाखान्यात नेले. बाईंनी कपाळाला हात लावला. "केरबा, तार कापायची नाही. टोचतंय तिथं कापसानं कोरडं करायचं, मेणाची वाटाण्याएवढी गोळी करून दाबून बसवायची, आणि मग मला दाखवायचं." मेणाची डबी त्यांनी त्याच्या हातात दिली.

"चुकलं, म्याडम. ध्यानात ठेवतो."

काही दिवसांनी मेथीचा एक देठ तारेत अडकला आणि हिरडीला टोचू लागला. केरबाने जागा कापसाने कोरडी केली. मेण लावले. छान दाबून बसवले. देठ आत, मेण वर. मग तारांत अडकलेली बाकीची भाजी कशाला उघडी ठेवायची, म्हणून तीही मेणाखाली बसवली. आठवडाभराने त्याच्या तोंडाचा असा वास सुटला की दूध संस्थेच्या सचिवांनी दूध नासले म्हणून सगळे कॅन हुंगून पाहिले.

बाईंनी मेण उकलले. आतून मेथी निघाली.

"केरबा, हे काय?"

"टोचत हुतं."

"अरे, अन्न अडकलं तर झाकायचं नसतं. कोमट पाण्यात मीठ घालायचं, खळखळून चूळ भरायची, आणि राहिलेलं बारीक ब्रशनं काढून टाकायचं."

"चुकलं, म्याडम. आता अगदी पक्कं."

परत येताना आत्ती एसटीत म्हणाल्या, "तू जरा इसरायला शीक, बाबा. तुझं सगळं ध्यानात ऱ्हातंय, हेच दुखणं हाय."

त्यानंतर एका शेवटच्या दाढेवर चिकटवलेली धातूची टिकली सुटली. तारेच्या टोकाला ती लोंबकळत होती. केरबाला खूण पटली: काहीतरी अडकले आहे. त्याने पाणी कोमट केले, मीठ घातले, गाल फुगवून खळखळून चूळ भरली, आणि ब्रशने कोरून टिकली मोरीत टाकून दिली. वर तांब्याभर पाणीही ओतले, मोरी तुंबू नये म्हणून.

"निघालं सगळं!" त्याने आत्तींना हाक मारून सांगितले.

आत्तींनी मोरी काठीने ढवळली. एक जुने बटण सापडले. टिकली सापडली नाही.

बाईंनी नवी टिकली बसवली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितले. "तोंडातलं काही सुटलं, की टाकायचं नाही. स्वच्छ डबीत ठेवायचं. झाकण लावायचं. डबी घेऊन माझ्याकडे यायचं. कळलं?"

"कळलं. डबी, झाकण, तुमच्याकडं."

आता तारांना रबरांची जोड मिळाली. वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत, दोन्ही गालांच्या आत एकेक बारीक रबर. जेवताना ती काढायची, इतके बाईंनी सांगितले. केरबाने रात्री घरी गेल्यावर जेवताना एक काढले. काढले म्हणजे सुटले. डबी. झाकण. सकाळची पहिली एसटी.

बाईंनी रबर लावून दिले. केरबा घरी आला, न्याहारीला बसला. डबी. झाकण. एसटी. दोन दिवसांत कंडक्टर न विचारता तिकीट देऊ लागला. दूध संस्थेतले कॅन धुवायचे राहिले, आणि केरबाचा एक गाल ताणलेला, दुसरा मोकळा, असा तो गावातून ये-जा करताना दिसू लागला.

बाई शेवटी खुर्चीत बसल्या. "केरबा, रबर सुटत नाही रे, तू काढतोस. तूच परत लावायचं. आणि एक कायमचं ऐकून ठेव. नुसतं एका बाजूला कधीही लावायचं नाही. एका बाजूला लावलं, की लगेच दुसऱ्या बाजूलाही तसंच. नाहीतर ओढ वाकडी होते. कुणी सांगायची वाट बघायची नाही."

"सांगायची वाट न्हाई बघणार," केरबा म्हणाला.

आत्तींना त्या दिवशी पहिल्यांदा बरे वाटले. कारण यानंतर केरबाने एकही चूक केली नाही. रबरे काढी, जेवी, चूळ भरी, दोन्हीकडे लावी. दात आत आले. साखरपुड्याचा दिवस उजाडला.

पोवारांच्या दारात मांडव होता. भावकी पुढेच बसली होती, हसायला तयार. तुळसाच्या आईने केरबाला पेढा भरवायला हात पुढे केला. केरबाने पाठ वळवून रबरे काढली, पेढा खाल्ला, चूळ भरली, रबरे लावली आणि सरळ बसला.

"पोरगं स्वच्छ हाय," भावकीतली एक म्हातारी म्हणाली. पोवारांची मान किंचित हलली. आत्तींनी वर्षभर धरून ठेवलेला श्वास सोडला.

मग भटजींनी ताम्हण पुढे केले. त्यात दोन अंगठ्या होत्या. तुळसाने एक उचलली आणि केरबाच्या उजव्या हातात घातली. टाळ्या पडल्या.

केरबाने उजव्या हाताकडे पाहिले. मग डाव्या हाताकडे पाहिले. डावा मोकळा होता.

आत्तींनी ते पाहिले. "केरबा," त्या हळूच म्हणाल्या, "न्हाई."

पण कुणी सांगायची वाट बघायची नव्हती. केरबाने ताम्हणातली तुळसाची अंगठी उचलली, स्वतःच्या डाव्या करंगळीत ती जोर लावून बसवली, आणि दोन्ही हात भावकीपुढे धरले.

"झाली बघा ओढ सरळ," तो म्हणाला.

भटजींचा मंत्र मध्येच थांबला.

"म्हंजी नवरा बी ह्योच आनि नवरी बी ह्योच?" मघाचीच म्हातारी म्हणाली. "मग आमची पोरगी वऱ्हाडी म्हनून आलीया व्हय?"

मांडवात हशा पिकला. पोवार उठून उभे राहिले. त्यांचा हात सुपारीकडे गेला.

"आबा, बसा," तुळसा म्हणाली. ती केरबाकडे वळली. "ऐका. डाव्या हातातली काढा. माझ्या बोटात घाला."

केरबाने काढली. तिच्या बोटात घातली.

"बघा," तुळसा म्हणाली, "सांगितलं, आणि केलं. एका सांगण्यात. आपल्या भावकीत असा दुसरा बाप्या दावा, मी हे लगीन मोडते."

पोवारांनी भावकीवरून सावकाश नजर फिरवली. बायका पदराआड हसत होत्या. पुरुष मांडवाचे खांब मोजत होते. पोवार खाली बसले.

लग्न साखरपुड्यानंतरच्या वैशाखात झाले, याला खुद्द डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला आहे. त्या आहेर घेऊन गेल्या होत्या. एक गोष्ट मात्र पडताळता आली नाही. गोजराबाई सांगतात की तुळसाच्या गळ्यात मंगळसूत्र बांधून झाल्यावर केरबा स्वतःची मान वाकवून, दुसऱ्या मंगळसूत्राची वाट पाहत बसून राहिला. लग्नाच्या फोटोत त्याची मान वाकलेली आहे, हे खरे. पण ती लाजेने वाकली की वाट पाहताना, हे फोटोवरून निश्चित सांगता येत नाही.