गुस्तीननं होडी बांधली तो रविवार

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आपल्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. मला नुसतं बसून गोष्ट सांगता येत नाही, हात चालू लागतात, म्हणून तुम्हीही हे वाल सोलता सोलता ऐका. आणि मध्येच कुणी "असं कसं होईल?" म्हणून विचारलं, तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.

खाडीच्या अलीकडं आपलं जुईबंदर आणि पलीकडं खारपाडा. जुईबंदरात मोठं देऊळ होतं. तेव्हा चर्चला सगळे देऊळच म्हणत, म्हातारी माणसं अजूनही म्हणतात. पलीकडं होतं एक छोटं कौलारू कपेल. दोन्हीकडं मिळून पाद्री एकच, फादर मिंगेल. रविवारी ते पहिली मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, अलीकडं करायचे, मग होडीतून पलीकडं जाऊन दुसरी करायचे. आणि दोन्ही काठांना मिळून होडीही एकच होती, गुस्तीनची.

गुस्तीन एका हातानं वल्हं मारून भरतीच्या तोंडाला होडी न्यायचा असं म्हणतात. नुसत्या हाकेवरून तो माणूस ओळखायचा, आणि हाकेवरूनच त्याला कळायचं की घाई बाळंतीण अडल्याची आहे की नुसती माहेरी जायची. कुणाला तो "थांबा" म्हणाला नाही. पावसात नाही, तापानं फणफणला तेव्हा नाही, स्वतःच्या लग्नादिवशीही नाही. वरात दारात उभी आणि नवरदेव खारपाड्याच्या कुणाची तरी गाय घेऊन पाण्यात. त्याची बायको कातरीन ही गोष्ट जन्मभर सांगायची, आणि दरवेळी हसूनच सांगायची असं काही नाही.

होडी काठाला लागली की तो एकच वाक्य बोलायचा, "सांभाळून उतरा." पोरासोरांना, पाद्रीबाबांना, गाईम्हशींनासुद्धा तेच.

रविवारी तर त्याला श्वास घ्यायलाही सवड नसे. अलीकडं पहिली मिस्सा चाले तेव्हा तो खारपाड्याच्या वाडीवाल्यांची भाजी बाजारासाठी अलीकडं आणत असे. मग फादरना पलीकडं सोडायचं, आणि दुसरी मिस्सा चाले तेव्हा बाजार आटोपलेल्यांच्या खेपा करायच्या. दोन्ही काठांना देऊळ, आणि गुस्तीन दोन्ही मिस्सांच्या वेळी पाण्यावर.

आता एक गंमत ऐका. जुईबंदरची माणसं समजायची, गुस्तीन फादरना घेऊन पलीकडं जातो, म्हणजे तिकडं मिस्सा ऐकत असणार. खारपाड्याची माणसं समजायची, भाजी अलीकडं उतरवली की तो तिथं पहिल्या मिस्सेला बसत असणार. आणि फादर मिंगेलना तर कळायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पाद्री वेदीकडं तोंड आणि लोकांकडं पाठ करून मिस्सा करायचे, आशीर्वादापुरते तेवढे वळायचे. पाठीमागं कोण आहे आणि कोण नाही, ते पाठीला काय दिसणार? दोन्ही गावं त्याच्या चांगुलपणाचं तोंड भरून कौतुक करत, आणि तो कुठं गुडघे टेकतो हे एकालाही ठाऊक नव्हतं.

अशी किती वर्षं गेली? कुणी बारा म्हणतं, कुणी अठरा. गुस्तीन मनाशी म्हणायचा, मी लोकांना देवाच्या दारात पोचवतो, हीच माझी प्रार्थना. सुरुवातीला ते खरंही होतं. वल्हं मारताना तो ओठात रोजरी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थना, म्हणायचा, मण्यांऐवजी वल्ह्याचे फटके मोजायचा. मग मोजणं चुकायला लागलं. मग रोजरी अर्ध्यावर राहू लागली. मग ती सुरूच होईना, आणि ती बंद झाली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. जेवायला बसला तरी त्याचे खांदे पुढंमागं हलत. कातरीन म्हणायची, घरात नवरा नाही, नुसतं वल्हं आलंय.

खारपाड्यात फिलूमाय नावाची म्हातारी होती. दोन्ही काठांच्या पोरांना चिंचेखाली बसवून प्रार्थना शिकवायची ती हीच. गुस्तीनलाही तिनंच शिकवल्या होत्या, चुकला की कान पिळून. ती आजारी पडली, अगदी थकली. एका रविवारी सकाळी म्हणाली, मना देवळात न्या, घंटा चालू असताना मना तिथं पोचायचं हाय. सून रोजानं आणि शेजाऱ्यांनी तिला गोधडीत घालून होडीत ठेवलं. शेजारी काठावरच राहिले, रोजा तेवढी बरोबर बसली, आणि गुस्तीननं होडी ढकलली.

खाडीच्या मध्यावर म्हातारीचा श्वास लागला. तिनं गुस्तीनला जवळ बोलावलं.

"पोरा, माज्या तोंडात आता शबूद नाय उरला. तू म्हण. आमच्या बापा म्हण."

गुस्तीननं वल्हं धरूनच सुरुवात केली. "आमच्या बापा," तो म्हणाला, आणि थांबला. पुढचं येईना. लहान पोरांना येतं ते त्याला येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. ओठांवर एकच वाक्य येत होतं, सांभाळून उतरा, आणि ते त्यानं गिळलं. शेवटी रोजानंच रडत रडत प्रार्थना पुरी केली. गुस्तीनची मान वर होईना.

फिलूमाय रागावली नाही. त्याच्या हातांकडं बघत राहिली. घट्टे पडून ते हात उघडतही नव्हते, वल्हं सोडलं तरी मूठ तशीच राहायची.

"किती वर्सं झाली रे, देवळात बसून?" तिनं विचारलं.

"टाइमच नाय मिळत, माय."

"तू आमाला पोचवते, पोरा. तुला कोन पोचवते?"

म्हातारीनं त्याच्याकडून वचन घेतलं की येत्या ऐतवारी होडी बांधायची आणि देवळात जाऊन नुसतं बसायचं. लोक ओरडले तर ओरडू दे म्हणाली, ओरडून कुणी बुडत नाही. तेवढ्यात होडी धक्क्याला लागली, देवळाची घंटा सुरू झाली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं गुस्तीनच्या तोंडून निघून गेलं, "सांभाळून उतरा, माय."

"उतरते रे," फिलूमाय म्हणाली. तिनं डोळे मिटले ते मिटलेच. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं असं म्हणतात, आणि हे मला अगदी पटतं.

पुढचा रविवार उजाडला. गुस्तीननं होडी धक्क्याला बांधली, दुहेरी गाठ मारली, दोन्ही वल्ही खांद्यावर घेतली आणि देवळाकडं निघाला. वाटेत जो भेटेल तो विचारी, बरं नाही का? कुणाला घ्यायला निघालास? तो चालतच राहिला. लोक दारात चपला काढतात तशी त्यानं वल्ही दाराबाहेर ठेवली, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

बसला खरा, पण सुख कुठलं? पलीकडून हाका येऊ लागल्या होत्या. "गुस्तीन होऽऽ." एक हाक, दोन हाका, मग सगळा काठच हाका मारू लागला. त्याला प्रत्येक आवाज ओळखू येत होता. भाजी सुकेल, फादर पलीकडं जाणार कसे, सगळ्या खारपाड्याची मिस्सा चुकेल, आणि हे पाप माझ्या माथी बसेल. त्याचे हात मांडीवर वल्हवत होते. दोनदा तो उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठायला लागला तेव्हा त्याला फिलूमायची गोधडी आठवली. मग त्यानं मनातल्या मनात एवढंच म्हटलं की देवा, तुझी माणसं आज तूच बघ, मी दमलोय. इतक्या वर्षांतली त्याची ही पहिली प्रार्थना होती.

आणि तो झोपला. बाकावर आडवा होऊन, चक्क घोरायला लागला.

देवळाचा सेवक काठी घेऊन त्याला उठवायला धावला. नेमके त्याच वेळी आशीर्वादासाठी फादर मिंगेल लोकांकडं वळले होते. इतक्या वर्षांत त्यांना गुस्तीन देवळात प्रथमच दिसला. क्षणभर ते शब्दच विसरले असं म्हणतात. मग हात वर करून त्यांनी सेवकाला थांबवलं.

"झोपू दे त्याला," ते म्हणाले. "बापाच्या घरी आलाय तो."

आता खाडीचं ऐका. त्या वेळी भरती लागायची होती. मी खाडीकाठी वाढले आहे, भरती कुणासाठी थांबत नाही हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी पाणी आलं नाही. उलट ते मागं सरलं, आणखी मागं सरलं, पार खाडीचा तळ उघडा पडला. खारपाड्याची माणसं हाका मारायची थांबली. आधी एका बाईनं पदर खोचून पाय टाकला. मग पोरं खांद्यावर आणि टोपल्या डोक्यावर घेऊन सगळा पाडा खाडी चालून आला. जे गुस्तीनच्या नावानं बोटं मोडत होते ते गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले, आणि बाकीच्यांचे घोटेसुद्धा बुडाले नाहीत, असं म्हणतात. हे म्हणणारे कोण, ते मला माहीत आहे, पण ते असो.

देवळात चिखलाच्या पावलांची रांग लागली. दोन्ही गावं पहिल्यांदाच एका छपराखाली आली होती. खारपाड्याच्या लोकांनी शेवटच्या बाकाकडं बघितलं आणि कुजबुजत विचारलं, हा इथं कसा झोपलाय? तुमच्याकडं दर रविवारी पहिली मिस्सा ऐकतो ना हा? जुईबंदरवाले म्हणाले, आमच्याकडं? तो तर तुमच्याकडं ऐकतो ना? आणि मग दोन्हीकडच्यांच्या ध्यानात आलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. फादर मिंगेलनी दुसरी मिस्सा तिथंच सुरू केली, आणि जुईबंदरचं एक माणूसही घरी गेलं नाही.

गुस्तीन दुसऱ्या मिस्सेतही झोपूनच होता. इतक्या वर्षांनी देवळात आला आणि एक शब्दही त्यानं ऐकला नाही. जाग आली ती सगळे एका आवाजात "आमच्या बापा" म्हणत होते तेव्हा. अर्धवट झोपेतच त्याचे ओठ हलू लागले. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरी आली, थेट आमेनपर्यंत सगळी आली. त्यानं मांडीकडं बघितलं तर हात स्थिर होते, आणि मुठी उघडल्या होत्या. तो लहान पोरासारखा रडला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

मिस्सा सुटली तेव्हा खाडी पुन्हा काठोकाठ भरली होती. गुस्तीननं डोळे पुसले आणि सवयीनं वल्ही उचलायला गेला. वल्ही जागेवर नव्हती. एक वल्हं रोजाच्या नवऱ्याच्या हातात होतं, दुसरं जुईबंदरच्या सुताराच्या.

"आज तू मधे बस," रोजा म्हणाली.

त्याला मधल्या फळीवर बसवलं, शेजारी कातरीनला बसवलं, आणि होडी निघाली. त्या दोघांना वल्हवायचं काय कळत होतं? होडी आधी गोल फिरली, मग उलटी चालली, आणि खारपाड्याच्या धक्क्याऐवजी दोन शेतं खाली चिखलात जाऊन लागली. हात कुठं ठेवायचे ते गुस्तीनला कळेना, म्हणून त्यानं ते जोडले.

आणि होडी काठाला लागली तेव्हा होडीतली आणि मागं जुईबंदरच्या काठावर उभी राहिलेली सगळी माणसं त्याला म्हणाली, "सांभाळून उतर, गुस्तीन."

त्यानंतर गुस्तीन म्हातारा होईपर्यंत होडी चालवत होता. पण रविवारी पहिली मिस्सा होईपर्यंत होडी बांधलेली असायची, आणि त्याची रोजरी पुन्हा अर्ध्यावर राहिली नाही. भाजी दुपारी गेली, त्यानं काही बिघडलं नाही. दुसऱ्या मिस्सेसाठी फादरना न्यायला दोन्ही गावांतली माणसं पाळीनं वल्हवायला शिकली.

आता पूल आहे. तरी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी आपण होडी पाण्यात सोडतोच. वर्षभर जो दुसऱ्यांसाठी राबला आणि ज्याला बसायला फुरसत मिळाली नाही, अशा एकाला मधल्या फळीवर बसवतो आणि बाकीचे वल्हवतात. दवाखान्यातली नर्स बसली आहे, रिक्षावाला इनास बसला आहे, एकदा तर फादरच बसले. ज्याला वल्हवता येतं त्याला त्या दिवशी वल्हं देत नाहीत, वाकडीतिकडी गेली तरच ती गुस्तीनची होडी. आणि देवळातल्या शेवटच्या बाकावर कुणी झोपलं तर आपल्याकडं त्याला आजही उठवत नाहीत.

मागच्या वर्षी मला बसवलं. तीस वर्षं दोन्ही काठांच्या लग्नांचा स्वयंपाक केला मी, शेवटच्या पंगतीला माझ्या पोटात काही गेलं का ते मलाही आठवायचं नाही. मी नको नको म्हणाले, घरी पीठ भिजलंय म्हणाले, कुणी ऐकलं नाही. मध्यावर गेल्यावर माझे हात मांडीवर काहीतरी मळत होते. मग ते थांबले. किती वर्षांनी मी देवाकडं काही मागितलं नाही, नुसते त्याचे आभार मानले. आणि काठावर तुम्हीच सगळे होता, मला सांभाळून उतर म्हणायला.

ते वाल ठेवा आता बाजूला. उरलेले उद्या सोलू.