२७४७ नंबरचा तांब्या

"हे इंजिन असली नाही, हे आज संध्याकाळपर्यंत सिद्ध करून दाखव! नाहीतर उद्यापासून या गाडीखान्यात पाऊल टाकू नकोस!"

तळेमाळ संस्थानचे भूपालराव महाराज कडाडले, तशी कोपऱ्यात बसलेल्या भिवराची हातोडी वरच्या वर थांबली. भिवरा वडके बाजारात भांड्यांवर नावं घालायची. त्या दिवशी ती गाडीखान्यातल्या पान्यांवर आकडे ठोकायला आली होती, कारण पाने वारंवार पाय फुटल्यासारखे नाहीसे होत.

महाराज बोलत होते ते इस्माईल मिस्त्रींना. मिस्त्रींनी बावीस वर्षं संस्थानच्या मोटारी सांभाळल्या होत्या. आज त्यांचा गुन्हा एवढाच, की नवी लाल मोटार सुरू झाल्यावर त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "आवाज पटत नाही, सरकार."

मोटार होती इटलीची, शर्यतीची, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. किंमत साठ हजार! त्यातले पन्नास हजार नुसत्या इंजिनाचे, कारण त्याच इंजिनानं म्हणे एके काळी मोठी शर्यत मारली होती. महाराज परगावी असल्यामुळे मोटार महिनाभर संस्थानच्या विश्रामगृहात उभी होती, आणि ती विकायला आणणारे मुंबईचे दलाल रणनवरेही तिथंच मुक्कामाला होते.

"आवाज काय, महाराज, सर्दीनंही बदलतो!" रणनवरे हसून म्हणाले. "मोटारीच्या सांगाड्यावर नंबर आहे २७४७. इंजिनावर नंबर आहे २७४७. जुळले की नाही?"

"जुळले," महाराज म्हणाले.

"नंबर जुळला की इंजिन असली! कारखान्यानं या नंबरचं एकच इंजिन घडवलं. मिस्त्रींना शंका असेल तर त्यांनी २७४७ नंबरचं दुसरं आणून दाखवावं!"

महाराजांना ही कल्पना फार आवडली. जे होणं शक्य नाही, ते दुसऱ्याला करायला सांगणं त्यांना नेहमीच आवडायचं.

"ठरलं! पाच वाजता दुसरं आण. नाही आणलंस तर मोटार माझी आणि तू घरी!"

सगळे निघून गेले. मिस्त्री पायरीवर बसले. कारखान्याला पत्र टाकलं तर उत्तर यायला दोन महिने लागणार होते, आणि पाच वाजायला चार तास होते.

भिवराचा नवरा गेला, तेव्हा संस्थानचं काम तिला मिळवून दिलं ते याच मिस्त्रींनी. ती उठली, हात पुसले आणि मोटारीपाशी जाऊन वाकली. आधी सांगाड्यावरचा नंबर पाहिला, मग इंजिनावरचा. दोन, सात, चार, सात. इंजिनावरचा सात तिच्या चांगल्या ओळखीचा होता!

खरं बोलावं तर आळ आपल्यावर यायचा. गप्प बसावं तर मिस्त्रींची चूल विझायची.

"मिस्त्री, काही बोलू नका," ती म्हणाली. "पाचला मी येते."

पाचच्या ठोक्याला महाराज खुर्चीवर बसले. शेजारी रणनवरे अत्तराचा घमघमाट सोडत उभे होते. भिवरा पुढं आली आणि मुजरा करून तिनं पदराखालून एक पितळी तांब्या काढला.

"आणलंय, सरकार. नंबर २७४७."

"हा तांब्या आहे!" रणनवरे ओरडले.

"मलाही तसंच वाटत होतं, साहेब. पण तुम्हीच म्हणालात ना, नंबर जुळला की इंजिन असली? आता हे बसवा मोटारीत आणि मारा चक्कर."

"अगं बाई, आकडे काय, कुणीही ठोकील!"

"तेच म्हणते मी," भिवरा शांतपणे म्हणाली. "कुणीही ठोकील."

रणनवऱ्यांनी रुमालानं कपाळ टिपलं. महाराजांच्या मिशा मात्र हलल्या नाहीत.

"तांब्यावर तू ठोकलास. पण इंजिनावरचाही कुणी मागाहून ठोकला, हे कशावरून?"

"सरकारांनी भिंग मागवावं."

भिंग आलं. महाराज स्वतः वाकले.

"सांगाड्यावरचा सात बघावा, सरकार. शेपटी पुरी आहे?"

"आहे."

"आता इंजिनावरचा."

"शेपटी तुटलेली दिसते."

"आणि तांब्यावरचा?"

महाराजांनी तांब्या भिंगाखाली धरला. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. "तुटलेली! अगदी त्याच जागी, तशीच तिरपी!"

"दिवाणसाहेबांच्या हुकमानं संस्थानच्या भांड्यांवर इंग्रजी आकडे घालतात, सरकार. ते आकडे ठोकायचे ठसे गावात एकट्या माझ्याकडे. बिडाच्या कढईवर ठोकताना साताच्या ठशाचा टवका उडाला. गेल्या महिन्यात या साहेबांचा माणूस आला आणि शेतातल्या पंपावर नंबर घालायचाय म्हणून ठसे दिवसभरासाठी घेऊन गेला. मी दिले. पंप असा लाल मोटारीत बसवतात, हे मला कुठं ठाऊक!"

"साताची शेपटी कुणाचीही तुटेल!" रणनवऱ्यांचा आवाज आता सर्दी झाल्यासारखा येत होता.

"तुटेल की, साहेब. पण सरकार, इंजिनाचा नंबर मोटारीशी जुळत नाही, माझ्या तांब्याशी जुळतो. तेव्हा हे इंजिन मोटारीचं म्हणायचं की तांब्याचं, तेवढं सरकारांनी ठरवावं!"

महाराज जे हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता त्यांनी रणनवऱ्यांना मोटारीसकट सीमेबाहेर पोचवण्याचा हुकूम दिला आणि मिस्त्रींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

मग तांब्या उचलून त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काय गं, तुझ्या या इंजिनात पेट्रोल किती मावतं?"

"दीड शेर, सरकार."

"खजिनदार!" महाराज म्हणाले. "दीड शेर चांदी ओता यात. आणि काठोकाठ भरा, वाटेत बंद पडायला नको!"