जाळ्याच्या नक्षीचा शंख

समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात फार जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेच्या सकाळी ओहोटीला ज्याला खडकांत सर्वांत सुंदर शंख सापडेल, त्याची होडी हंगामात पहिली पाण्यात जाई. शंख मात्र लगेच उचलायचा नाही. काठीने डबक्यात ढकलायचा आणि सात लाटा थांबायचं. हलला, तर आत जीव आहे. मग तो समुद्राचाच.

धाकूची होडी आजवर कधी पहिली गेली नव्हती. यंदा त्याला एक शंख दिसला आणि तो खाली वाकला. पांढऱ्यावर तपकिरी रेघा, जणू कुणी बारीक जाळंच विणलं होतं. त्याने तो डबक्यात ढकलला. हात शिवशिवत होते, तरी तो लाटा मोजू लागला.

पाचवी लाट गेली. शंखातून सोंड बाहेर आली. एक मासा जवळून चालला होता. सोंडेतून सुईसारखा दात सुटला आणि मासा जागच्या जागी ताठ झाला. शंखाने तो अख्खा गिळला.

धाकू दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात शेजारचा नारबा उड्या मारत आला.

"हरलास, धाकू. हा बघ." कमरेला खोचलेल्या कापडातून तसाच शंख डोकावत होता.

"नारबा, तो टाक. जिवंत असेल. विषारी असतो."

"वा रे वा. मी टाकायचा आणि तू उचलायचा?"

धाकूने हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी आज शंख शोधतच नाही. माझी होडी सगळ्यांच्या शेवटी पाण्यात लोटतो. आता तरी टाक."

नारबाचं हसू मावळलं. त्याने कापड सोडून झटकलं. शंख पाण्यात पडला. कापडाच्या दोन घड्यांतून एक बारीक दात आरपार गेला होता. तिसऱ्या घडीखाली नारबाचं पोट होतं.

दुपारी भरतीला सगळ्या होड्या निघाल्या. मागे दोनच उरल्या.

"तू हो पुढे," नारबा म्हणाला.

"शब्द दिलाय. शेवट माझा."

"मग मीपण इथेच."

काठावरून धाकूची आई ओरडली, "अरे, निघताय की ओहोटी लागेपर्यंत एकमेकांना मान देत बसताय?"

दोघांनी एकदमच वल्ही मारली.

तात्पर्य: सावध करणारा आधी स्वतःचा लाभ सोडतो, तेव्हा त्याच्या शब्दावर प्रतिस्पर्धीही विश्वास ठेवतो.